धोका जवळ, शब्द कमी

इंग्रजीत कुणाला सावध करायचं असेल, तर आधी धोका किती लांब आहे ते बघावं. चेंडू डोक्याच्या रोखाने येत असेल तर 'डक!' (खाली वाक!) एवढंच पुरे. 'प्लीज बी केअरफुल, द बॉल इज कमिंग' म्हणेपर्यंत टेंगूळ आलेलं असतं. पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्यांचं इथेच अडतं. व्याकरण चोख, पण पूर्ण वाक्य जुळल्याशिवाय तोंड उघडत नाही. मराठीत 'अरे, बाजूला!' ओरडताना आपण कुठे क्रियापद शोधत बसतो?

ओरडण्यातही खाचाखोचा आहेत. 'लुक आउट!' म्हणजे सांभाळ. ते ऐकून खिडकीबाहेर मान काढायची नसते. 'हेड्स अप!' कानावर आलं की वरून काहीतरी येतंय असं समजावं आणि डोकं हातांनी झाकावं. शब्दाला जागून वर बघणारे नाकावर झेलतात. हेच 'हेड्स-अप' ऑफिसच्या मेलमध्ये आलं, तर निव्वळ पूर्वसूचना: उद्या सर्व्हर बंद राहील, एवढंच.

पायरी, बुटकी चौकट, फलाटाची फट अशा बारीकसारीक धोक्यांना ब्रिटिश माणूस 'माइंड' म्हणतो, अमेरिकन 'वॉच'. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८ पासून 'माइंड द गॅप' ऐकू येतं, तर न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड रेल रोडवर 'वॉच द गॅप'. दिल्ली मेट्रोने लंडनचा शब्द उचलला.

धोका उद्यावर गेला की वाक्यं लांबतात आणि खरी पंचाईत सुरू होते. 'हॅड बेटर' (केलेलं बरं; बोलताना यू हॅडचं 'यू'ड' होतं) याचंच बघा. दिसायला भूतकाळ, पण बोलणं आत्ताचं किंवा पुढचं. त्याच्यामागे 'टू' लावायचा नाही: 'यू'ड बेटर लीव्ह नाउ'. नकार हवा असेल तर 'नॉट' 'बेटर'च्या नंतर: 'यू'ड बेटर नॉट बी लेट'. एवढं पाठ करून लोक ते साहेबांना ऐकवतात, आणि साहेबांचा चेहरा बदलतो. कारण त्यात 'नाहीतर बघा' दडलेलं असतं. मित्राला किंवा पोराला ते चालतं. वरिष्ठांना 'यू माइट वॉन्ट टू चेक द फिगर्स' म्हणावं. हेच वाक्य ब्रिटिश साहेबाने तुम्हाला म्हटलं, तर मात्र हातातलं काम टाकून आकडे तपासावेत. तो सल्ला नसतो.

यंत्रांवरच्या लेबलांत तर शब्दांची उतरंडच ठरलेली आहे. अमेरिकेतल्या एएनएसआय झेड५३५ या मानकानुसार लाल 'डेंजर' म्हणजे धोका टाळला नाही, तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. नारिंगी 'वॉर्निंग' म्हणजे तेच होऊ शकतं. पिवळं 'कॉशन' किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी, आणि निळं 'नोटिस' माणसाला इजा नाही पण मालाचं नुकसान होऊ शकतं तिथे. आपल्याकडे माहितीपुस्तिका लिहिणारे सरसकट 'डेंजर' छापतात. मग कामगाराची नजर मरते आणि जिथे खरंच हात तुटेल, तिथला लाल रंगही त्याला दिसेनासा होतो.

कागदोपत्री भाषा तर माणसालाच गायब करते. 'फेल्युअर टू कम्प्लाय मे रिझल्ट इन डिसिप्लिनरी ॲक्शन' या वाक्यात कोण रागावलंय, कोण कारवाई करणार, काही कळत नाही. त्यातला 'मे' मुद्दाम पेरलेला असतो: कारवाई करायची की नाही, हे लिहिणाऱ्याच्या हाती राहतं. 'विल' लिहिलं की शब्द पाळावा लागतो. ब्रिटनमध्ये नोकरीतला लेखी इशारा साधारणतः आधी पहिला, मग अंतिम अशा क्रमाने दिला जातो. काय चुकलं, काय सुधारायचं, कधीपर्यंत आणि न सुधारल्यास पुढे काय, या चार गोष्टी पत्रात हव्यात. आपल्या मेलमधलं लाडकं 'स्ट्रिक्ट ॲक्शन विल बी टेकन' यातलं एकही सांगत नाही, म्हणून कुणी घाबरतही नाही.

पोकळ धमकी इंग्रजांनाही चुकलेली नाही. 'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड' ही पाटी इंग्लंडमध्ये कितीतरी कुंपणांवर असते, पण दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं शिरणं हा तिथे सहसा फौजदारी गुन्हाच नाही. मालक फार तर दिवाणी दावा लावू शकतो. रेल्वेच्या रुळांवर जाणं मात्र गुन्हा आहे, त्यामुळे तिथल्या पाटीवर सरळ दंडाचा आकडा असतो: १,००० पौंड.