पहिला सेल्फ

दुपारी दोनच्या उन्हात गॅरेजच्या दारात उभी असलेली गाडी म्हणजे निरागसपणाचा कळस. चावी फिरवली की अर्ध्या सेकंदात चालू. मेकॅनिक गालात हसतो, मालक ओशाळतो. ‘सकाळी बघायला हवी होती हो तुम्ही,’ यापलीकडे त्याला काही बोलता येत नाही. डिसेंबरात निफाडकडे पारा पाच-सहाला टेकला की हीच गाडी साडेसहाला खाकरते, थरथरते, दोनदा बंद पडते. शाळेच्या वेळेला दुखणारं पोट दहा वाजता बरं व्हायचं, तसलाच प्रकार. फरक इतकाच, की गाडी बहाणा करत नाही.

दुखणं सकाळच्या दोन मिनिटांचं आणि तपासणी भर दुपारी, हे जुळायचं कसं? गाडी रात्री गॅरेजलाच मुक्कामी ठेवावी. इंजिन निदान आठ तास बंद हवं आणि पहिला सेल्फ मेकॅनिकनेच मारायला हवा. जागा करायला म्हणून पोराने ती आधीच चालू करून बाजूला लावली, की तो दिवस वाया गेला.

त्या पहिल्या सेल्फला बोनेट उघडायच्या आधी कान उघडावेत. इंजिन जडपणे, ‘घर्रर... घर्रर...’ करत फिरतंय, की चटचट फिरतंय पण पेट घेत नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्यावर पहिल्याचं औषध म्हणून कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या.

जड फिरत असेल तर मात्र बॅटरीच बघावी. रात्रभर निवांत राहिलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर 12.6 व्होल्ट दाखवतो, 12.2 म्हणजे ती अर्धीच भरलेली. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर तिचे दिवस भरले. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झालेलं असतं. त्यात कुणी 5W-30 ऑइलच्या जागी जास्त घट्ट 20W-50 ओतलं असेल तर बघायलाच नको. W च्या आधीचा आकडा थंडीसाठीच लिहिलेला असतो. बॅटरीच्या टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी गरम पाणी आणि खायच्या सोड्याने निघते. मायनसची वायर आधी काढायची, शेवटी लावायची.

चटचट फिरूनही पेटत नसेल, तर गोष्ट रंगते. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते भिंतींना चिकटून बसतं, म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. फियाट-अँबॅसिडरच्या काळी हे काम चोकचं होतं. डॅशबोर्डखालची ती काळी मूठ ओढायची, गाडी पेटली की हळूहळू आत सारायची. किती ओढायची हे घरात एकालाच कळे आणि आत ढकलायला मात्र सगळेच विसरत. मग गल्लीच्या टोकापर्यंत काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास.

आता चोक ओढणारा हात म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सर. नखाएवढं त्याचं टोक कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, बुडलेलं असतं. तो ‘थंड आहे’ म्हणाला की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जादा पेट्रोल सोडतो. त्याने खोटं सांगितलं की संपलं. त्याला पकडायची युक्ती सोपी आहे: सकाळी सेल्फच्या आधी, नुसती चावी ऑन करून ईसीयूचे आकडे वाचणाऱ्या स्कॅनरवर कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचं तापमान बघायचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. हवा 9 आणि कूलंट 55 दिसलं तर चोर सापडला. दुपारी हाच सेन्सर खरा वाटतो, कारण तेव्हा इंजिन खरंच गरम असतं.

स्पार्क प्लगचा रंग बिस्किटासारखा हवा. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला प्लग म्हणजे ठिणगी नाही. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या पाकळीची कड काळी झाली असेल तर स्प्रे आणि मऊ फडक्याने पुसावी; स्क्रू ड्रायव्हरने खरवडणाऱ्याला गाडी देऊ नये.

सीएनजीवाल्यांचं प्रकरण स्वतंत्र. बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि इंजिन कोमट झालं की गॅसवर जातात. पण टाकीत गणपतीत टाकलेलं दोन लिटर पेट्रोल अजून तसंच असतं. पेट्रोलमधला जो हलका भाग थंडीत चटकन पेटतो, तोच आधी उडून जातो. शिवाय तळाच्या पेट्रोलमध्ये पंप नीट बुडत नाही, तापतो. पाव टाकी ताजं पेट्रोल आणि आठवड्याला दहाएक किलोमीटर पेट्रोलवर, इतकं केलं तरी पुष्कळांची तक्रार मिटते. पण गॅसचे पैसे वाचवायला घेतलेल्या गाडीत पेट्रोल भरताना हात आखडतोच.

डिझेलवाल्यांनी सिलिंडर आधी तापवणाऱ्या हीटर प्लगचा पिवळा दिवा विझेपर्यंत दम धरावा. चारांतला एक प्लग मेला असेल तर गाडी मिनिटभर तीन पायांवर चालते, पांढरा धूर सोडते आणि मग शहाणी होते.

सेल्फ सलग दहा सेकंदांवर मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावं. पेटली की रेस देत बसू नये, सावकाश निघावं.

आणि एक. या पहिल्या दोन मिनिटांत पेट्रोल जास्त जळतं, सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अजून थंड असतो, त्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त तेव्हाच असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बाहेर गार वारं सुटलंय म्हणून शटर खाली, गाडी ‘जरा गरम होऊ दे’ म्हणून चालू, मालक आत चहाला आणि गॅरेजमधलं दार थेट स्वयंपाकघरात उघडतंय, अशी घरं आहेत. तिथे गाडी कितीही खाकरत असो, आधी ढकलून अंगणात काढायची.