सेलला आधी काय विचारायचं

गुरुवार, रात्री

आज दिवसभर एक्सेलचा एकच मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम. शीटमध्ये दोन कॉलम महत्त्वाचे: एकात खर्चाची रक्कम, शेजारी त्या खात्याची मर्यादा. रक्कम मर्यादेच्या वर गेली की सेल लाल करायचा आणि ती रो दुसऱ्या शीटवर न्यायची. नुसता रंग द्यायचा असता तर कंडिशनल फॉरमॅटिंगने भागलं असतं. रो उचलायच्या आहेत म्हणून व्हीबीए, एक्सेलमधली प्रोग्रामिंगची भाषा. एकेक सेल घेत जाणारा फॉर ईचचा लूप, आत अट तपासणारा एक इफ. कुणालाही वाटेल, दहा मिनिटांचं काम.

मॅक्रोची पहिली फेरी झाली की निकाल डोळ्यांनी चाळायचा, ही माझी सवय. चाळताना एका सेलवर नजर अडकली. रक्कम ९००, मर्यादा ५०००, आणि सेल लाल. सेलच्या डाव्या कोपऱ्यात बारीकसा हिरवा त्रिकोण होता. म्हणजे ते ९०० दिसायला आकडा, पण एक्सेलच्या लेखी मजकूर. दुसऱ्या कुठल्या सिस्टीममधून डेटा आला की हे हमखास होतं. सेलची व्हॅल्यू व्हीबीएला व्हेरिएंट म्हणून मिळते, म्हणजे आकडा, मजकूर, काहीही मावेल अशा प्रकारात. दोन्ही बाजूंना व्हेरिएंट असले, एकात आकडा आणि दुसऱ्यात मजकूर असला, तर मजकूर कायम मोठा ठरतो. ९०० असो की १, मजकूर असेल तर तो ५००० पेक्षा मोठाच. मॅक्रो कुठे अडत नाही, एरर येत नाही. मला या प्रकारची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण चुकीचं उत्तर अगदी बरोबर उत्तरासारखंच दिसतं, आणि त्या लाल रंगावर विश्वास ठेवून कुणीतरी कुणाला तरी जाब विचारणार असतो.

त्यानंतर रिकामे सेल. व्हीबीएत रिकाम्या सेलची शून्याशी तुलना केली तर उत्तर ट्रू येतं. पण या शीटवर ‘खर्च शून्य’ आणि ‘खर्च अजून भरलाच नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या बाबतीत माणसाला फोन करायचा असतो. इझन्यूमेरिक, म्हणजे ‘हा आकडा आहे का’ ही तपासणी, इथे उपयोगी नाही, रिकाम्या सेललाही ते ट्रूच म्हणतं. म्हणून इझएम्प्टी, ‘सेल रिकामा आहे का’, त्याच्या आधी हवं. फॉर्म्युल्याने रिकामा दाखवलेला सेल मात्र इझएम्प्टीच्या हाती लागत नाही, तो पुढे इझन्यूमेरिकपाशी अडतो.

आणि सर्वांच्या आधी इझएरर, ‘सेलमध्ये एरर आहे का’. सेलमध्ये #एन/ए (व्हॅल्यू सापडली नाही, असं सांगणारा एरर) असलं की तुलना करताक्षणी ‘टाइप मिसमॅच’, एरर १३, आणि लूप तिथेच ठप्प. इथे बरेच जण एकाच ओळीत लिहितात: ‘एरर नसेल आणि रक्कम जास्त असेल तर’. प्रोग्रामिंगच्या दुसऱ्या बऱ्याच भाषांमध्ये हे चालतं, कारण पहिला भाग फॉल्स निघाला की दुसऱ्याकडे बघितलंच जात नाही. व्हीबीएचं अँड तसं वागत नाही, ते दोन्ही भाग तपासतंच. त्यामुळे ओळ दिसायला सुरक्षित, पण एरर १३ येतोच.

शेवटी क्रम असा लावला: इफ इझएरर, मग एल्सइफ इझएम्प्टी, मग एल्सइफ नॉट इझन्यूमेरिक, आणि या तिन्हीतून जो सुटला त्याचीच, सीडबल लावून म्हणजे खरा आकडा करून, मर्यादेशी तुलना. एल्सइफमध्ये वरची अट लागली की खालच्या तपासल्या जात नाहीत, म्हणून हा क्रम टिकतो. मर्यादेच्या सेललाही हेच सगळे प्रश्न, कारण मजकूर त्या बाजूला असला तर खरोखर जास्त झालेली रक्कमही सुटून जाईल. अडलेल्या सेलना पिवळा रंग दिला. ते माणसाने बघायचे, मॅक्रोने ठरवायचे नाहीत.

बाकी नेहमीचं. अख्खा कॉलम रेंजला दिला तर लूप १०,४८,५७६ सेल फिरतो, म्हणून शेवटची भरलेली रो आधी काढली, तळातून एंड एक्सएलअप करून, म्हणजे शीटच्या तळापासून वर पहिल्या भरलेल्या सेलपर्यंत उडी मारून. रो मोजणारा काउंटर लाँग या मोठ्या आकड्यांच्या प्रकारात ठेवला, इंटिजर हा छोटा प्रकार ३२,७६७ च्या पुढे ओव्हरफ्लो होतो. व्हॅल्यू एकदाच अ‍ॅरेत, म्हणजे मेमरीतल्या यादीत, घेतल्या आणि फक्त लाल-पिवळे करायच्या सेलपुरतं शीटला हात लावला. वेग लगेच जाणवला. हलवलेल्या रो मूळ शीटवरून काढायच्या तर लूप खालून वर, स्टेप उणे १. वरून खाली आलं तर एक रो काढली की खालची तिच्या जागी सरकते आणि तपासायची राहून जाते.

उद्या तारखांचा कॉलम. तिथे इझडेट, ‘ही तारीख आहे का’ ही तपासणी, मजकुरातल्या तारखेलाही होकार देतं, आणि ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे मशीनच्या रीजनल सेटिंगवर ठरतं. सकाळी कोड उघडण्याआधी ज्यांनी डेटा भरला त्यांना विचारून घेते.