दिवाळी अंकांची सूची: ओरा-१२८९९ सुटला, ओरा-०१७२२ही सुटला

सूचीचं काम या महिन्यात बरंच पुढे सरकलं. एक्सेलमधल्या जुन्या नोंदी ओरॅकल २१सी एक्स्प्रेस या डेटाबेसमध्ये भरायला घेतल्या होत्या. मौज, हंस, आवाज, अक्षर सरळ आत गेले. दीपावली आणि किस्त्रीम अडले. काशिनाथ रघुनाथ मित्रांचा १९०९चा 'मनोरंजन', ज्याला आपण पहिला दिवाळी अंक मानतो, तोही अडला. प्रत्येक वेळी ओरॅकलचा तोच एरर, ओरा-१२८९९: मजकूर कॉलमात मावत नाही.

नुसता कोड कोणालाही सांगितला की उत्तर ठरलेलं: 'कॉलम मोठा करा.' उत्तर चूक नाही, पण त्यातून कळत काहीच नाही. किती मोठा करायचा, तेही नाही. म्हणून ओळखीच्या एका डीबीएंना (डेटाबेस सांभाळणाऱ्यांना) संदेशाची पूर्ण ओळ, टेबल बनवणारी क्रिएट कमांड आणि नोंद भरताना अडणारी एकच इन्सर्ट कमांड असं तिन्ही पाठवलं. तेही मजकूर म्हणून, कारण स्क्रीनशॉटमधलं काही समोरच्याला कॉपी करून चालवून बघता येत नाही. संदेशाच्या शेवटी कंसात दोन आकडे होते: प्रत्यक्ष २१, कमाल २०. ते वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या 'मनोरंजन'ची लांबी लेंग्थ आणि लेंग्थबी, दोन्हीने काढून बघा बरं."

लेंग्थ चिन्हं मोजतं, लेंग्थबी बाइट. लेंग्थने ७ आले, लेंग्थबीने २१. म, न, ओकार, र, अनुस्वार, ज, न अशी युनिकोडची सात चिन्हं. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. सात त्रिक एकवीस. कॉलम होता व्हारकॅर२(२०), म्हणजे २० पर्यंतच्या मजकुराचा, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ओरॅकल ते २० म्हणजे बाइट धरतो, अक्षरं नव्हे. मग सगळाच उलगडा झाला. 'आवाज' चार चिन्हांचा, १२ बाइटांत बसला. 'दीपावली'ची सात चिन्हं, पुन्हा २१. 'किस्त्रीम' दिसायला छोटा, पण वेलांट्या आणि हलन्त धरून नऊ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. रोमन लिपीत हीच यादी भरली असती तर हा एरर कधी दिसलाच नसता.

इलाज: आकड्यापुढे 'कॅर' लिहायचं, व्हारकॅर२(६० कॅर). मात्र एक मर्यादा लक्षात असू द्या. ४००० कॅर लिहिलं तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये एकूण ४००० बाइटांवर गाडी थांबते. देवनागरीत ती जेमतेम १३३३ चिन्हं होतात. भरगच्च दिवाळी अंकाची अनुक्रमणिका त्यात मावत नाही, म्हणून ती मी क्लॉब या मोठ्या मजकुरासाठीच्या प्रकारात हलवली.

ओरा-०१७२२ जास्त चिवट निघाला. 'अवैध संख्या' एवढंच म्हणतो; कोणती ओळ, कोणता कॉलम, काही सांगत नाही. माझ्याकडे प्रकाशनवर्षाचा कॉलम मजकुराचा आहे आणि क्वेरीत त्याची तुलना आकड्याशी होते. तिथे ओरॅकल गुपचूप मजकुराची संख्या करायला जातो. आधी कोणती अट तपासायची ते ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची हे बघणारा ओरॅकलचा भाग) ठरवतो, त्यामुळे काल नीट चाललेली क्वेरी आज अडू शकते. या एररबद्दल विचारताना म्हणूनच क्वेरी जशीच्या तशी द्यावी, कापून सोपी केलेली नको. आवृत्तीही सांगावी, कारण १२.२ पासून व्हॅलिडेट_कन्व्हर्जन नावाचं फार उपयोगी फंक्शन मिळतं. संख्या होऊ शकते तिथे १, नाही तिथे ०. शून्यवाल्या ओळी मागवल्या आणि दोषी समोर आले: काही नोंदींत वर्ष देवनागरी अंकांत होतं, काहींत चक्क 'शके १८९५'. देवनागरी अंक ट्रान्सलेट फंक्शनने साध्या अंकांत बदलले. शकात ७८ मिळवले, दिवाळीच्या दिवसांत एवढा हिशेब पुरतो, की १९७३ मिळालं. मग कॉलमच नंबर करून टाकला.

पीएलएसक्यूएल या ओरॅकलच्या प्रोग्रॅमिंग भाषेतून नोंदी भरणाऱ्यांसाठी: ओरा-०६५१२ दिसला की तोच शोधत बसू नका. तो फक्त कोडमधल्या ओळीचा क्रमांक सांगतो. खरी तक्रार बहुधा त्याच्या वरच्या ओळीत असते. मदत मागताना ती सगळी उतरंड द्या.

आता राहिलंय ते नेमकं उलटं, एरर यायला हवा तिथे येत नाही. लेखकांच्या टेबलात नावावर युनिक बंधन आहे, म्हणजे तेच नाव पुन्हा आलं तर ओरा-००००१ यायला हवा, तरी 'कऱ्हाडे' दोनदा बसलेत आणि ओरा-००००१ आलाच नाही. लेंग्थबीने एक २१ भरतो, दुसरा २४. एकात नुक्त्याचा ऱ आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच. भरतानाच दोन्हींचं एक रूप करणारा, आपोआप चालणारा ट्रिगर लिहायला घेतलाय. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' सोडून अशी दुहेरी रूपं कोणाच्या सूचीत सापडली असतील, तर ते शब्द आणि बाइट दाखवणाऱ्या डम्प फंक्शनचं त्यांच्यासाठीचं आउटपुट पाठवा.