लिहून नेलेलं परत आणून द्या

गेल्या आठवड्यात परत एका विद्यापीठातून फोन आला. परदेशी एजन्सीचं फंडिंग मिळालंय, तीन वर्षांचं प्रोजेक्ट आहे, मच्छीमार आणि कांदळवन असा विषय, तुम्ही मालवणच्याच आहात तर फिल्डवर याल का. मी हो म्हटलं पण एक अट घातली, आणि ती का घातली ते नीट सांगायचंय.

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर माझं पहिलं काम असंच होतं, विद्यापीठ आपल्याकडचं आणि पैसे बाहेरचे. पहाटे साडेपाचला बंदरावर जायचं, लिलाव सुरू व्हायच्या आत टोपलीतले बांगडे एकेक करून फळीवर ठेवायचे, तोंड फळीच्या खिळ्याला टेकवायचं, शेपटीपाशी आकडा वाचायचा आणि लिहायचा. वहीची पानं खवल्यांनी चिकटून जायची. ते काम मला मनापासून आवडायचं. नको वाटायची ती प्रश्नावली. चौदा पानं, सगळी इंग्रजीत, आणि मी उभ्या उभ्या तिचं मालवणी करत होते. शेजारच्या काकींनी सव्वा तास उत्तरं दिली, तोवर त्यांच्या टोपलीतला बर्फ वितळून खाली पाणी झालं होतं. उठताना म्हणाल्या, "गेल्या वर्साक येक इली, त्येच्या आदी दोगे इले. सगळे लिवन घेवन गेले. काय गावला ता सांगूक कोण इलो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षांनी रिपोर्ट झाला, पीडीएफ मला मेलवर आली, आणि आमची वाडी त्यात एका तक्त्यात होती, "साइट 3" म्हणून. वाडीत एकालाही कॉपी मिळाली नाही. याचा राग मला अजून आहे.

पण म्हणून बाहेरच्या संस्था नकोतच असं जे कोणी म्हणतं ते मला पटत नाही. सिंधुदुर्गात ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी या पर्यावरणाच्या जागतिक निधीच्या पैशातून यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था) आणि सरकारचं जे किनारपट्टीचं काम झालं, त्यातलं जाळ्याचं काम बघा. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, डायमंड आकाराची असते, बोट ओढायला लागली की ताणाने ती मिटते आणि बारीक पिल्लंसुद्धा आत अडकतात. 40 मिलिमीटरची चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते, पिल्लं निसटतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ यात होते आणि जाळी इथल्या बोटींवर चालवून बघितली. तांडेलला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, पटवायला स्लाइड दाखवून काही होत नाही, त्याला त्याच्या डेकवर काय पडलं ते दिसलं पाहिजे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा बचतगट कांदळवन सफारी चालवतो, तेही त्याच कामातून उभं राहिलं, आणि तिथल्या बायका पर्यटकांना तिवराची मुळं श्वास कशी घेतात ते होडीत बसून समजावून सांगतात.

याच्या उलट मालवणचं सागरी अभयारण्य. 1987 मध्ये 29.12 चौरस किलोमीटर जाहीर झालं, आणि इथल्या मच्छीमारांचा त्याला इतकी वर्षं विरोध राहिला, कारण आपल्याला न विचारता ठरवलं ही भावना कधी गेलीच नाही.

आणि कासवांचं तर सांगायलाच हवं. 2022 च्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानने आपल्या किनाऱ्यावरच्या पाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवले, पहिली रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची, तिचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली आणि ती बातमी चहाच्या टपरीवर आली, माणसं मोबाइलवर नकाशा उघडून विचारत होती आज खंय पोचली. मग 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर टॅग सापडला तो 2021 मध्ये ओडिशात लावलेला, म्हणजे साधारण 3,500 किलोमीटर. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं आपण धरून चाललो होतो, ते खरं का असा प्रश्न आता गावातली पोरंपण विचारतात. माहिती परत आली की असं होतं.

तर माझी अट. जे मोजाल ते आधी वाडीत येऊन मराठीत वाचून दाखवायचं, पेपर छापायच्या आधी. हे मी एकदा स्वतःहून केलंय, जुन्या वह्या घेऊन देवळात बसले आणि बांगड्यांचे आकडे वाचले. सरासरी लांबी चांगली दिसत होती. एक म्हातारे तांडेल ऐकत होते, ते म्हणाले, "अगो बाय, बारीक बांगडो लिलावात येताच खंय? तो बोटीवरच येगळो काढतत, खताच्या गाडयेत जाता." दोन वर्षं मी फक्त लिलावातला मासा मोजत होते! बारीक मासा फळीपर्यंत कधी आलाच नव्हता, आणि छापलेल्या रिपोर्टमध्ये ते कुठेच नाही. 2023 मध्ये सरकारने मासळीच्या 54 जातींची पकडता येईल अशी कमीत कमी लांबी ठरवून दिली, असे नियम मोजमापावरच उभे राहतात, मग आमच्यासारखी चूक किती महागात पडेल विचार करा.

आता तर पैसा मोठा येतोय. हवामान बदलाच्या कामाला पैसे देणाऱ्या ग्रीन क्लायमेट फंडाने 2018 मध्ये महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी 4 कोटी 34 लाख डॉलर मंजूर केले. त्यामानाने दोन दिवस वाडीत येऊन वाचून दाखवायला काय लागतं, गाडीभाडं आणि चहा.

काल त्या विद्यापीठातल्या सरांचा मेल आला, बजेटमध्ये वर्षाला दोन बैठका टाकल्यात. मी लगेच काकींना सांगायला गेले, त्या अंगणात सुकट पसरवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जुलयत बोलव त्येंका. बंदी आसता, सगळे घराक गावतत. नारळी पुनवेनंतर कोण येवचो नाय." मी तसं सरांना कळवलंय.