‘मोबाईल चार्ज होतोय ना?’ : मैफल रेकॉर्ड करायच्या सामानाचा माझा अनुभव

आमच्या गाण्याच्या बाईंची बैठक नीट रेकॉर्ड करायची असं ठरवलं, तेव्हा माइक निवडणं अवघड जाईल असं वाटलं होतं. माइकचं काम लवकर मार्गी लागलं. अडलं ते विजेपाशी, आणि तिथेही एका पॉवर बँकेपाशी. माइकबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्या माइकला आणि रेकॉर्डरला दिवसभर वीज कुठून पुरवायची, हे मात्र मला नागपुरात कुणीच धड सांगितलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी माइकचं थोडक्यात. बाई नागपूरच्या महाल भागातल्या घरी गातात. समोर तीस-चाळीस माणसं, तबला, पेटी, तानपुऱ्यांची जोडी, स्पीकर नाही. अशा जागी सुरुवात करणाऱ्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, छोट्या इलेक्ट्रेट माइकची जोडी. ती रेकॉर्डरच्या साडेतीन मिलीमीटरच्या भोकात जाते आणि तिथूनच दोन-तीन व्होल्टची ‘प्लग-इन पॉवर’ घेते. दुसरी, एक्सएलआर म्हणजे जाड, तीन पिनांच्या जोडणीचे मोठे कंडेन्सर माइक, ज्यांना ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे रेकॉर्डरकडून माइकच्या केबलमधूनच येणारी वीज, लागते. मी पहिली वाट धरली. सगळं सामान एका पिशवीत मावतं, स्टँड हलका चालतो आणि दोन पेन्सिल (एए) सेलवर रेकॉर्डर तासन्‌तास चालतो. टास्कॅम डीआर-०५एक्स हा रेकॉर्डर त्याच वर्गातला. झूम एच१एन पण चांगला आहे, पण त्याला बारीक, एएए सेल लागतात, आणि ते लवकर संपतात.

माइक कार्डिऑइड घ्या. ओम्नी चहूबाजूंनी ऐकतो. खोली शांत असेल तर त्याचा आवाज फार मोकळा येतो, पण नागपूरच्या उन्हाळ्यात शांत खोली आणायची कुठून? कूलर बंद केला तर श्रोतेच उठून जातील. कार्डिऑइड माइक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो, म्हणून माइकची पाठ कूलरकडे येईल अशी जागा आधी ठरवायची आणि मग बाकीची मांडणी. दोन माइकांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, ही ओआरटीएफ नावाची मांडणी मला सर्वांत मानवली. तबला उजवीकडे, पेटी डावीकडे, बाई मधोमध, सगळे जागच्या जागी ऐकू येतात.

आता मुद्द्यावर. गुरुपौर्णिमेला बाईंकडे सकाळपासून रात्रीपर्यंत शिष्यांचं गाणं चालतं आणि शेवटी बाई गातात. सेल बदलायचे तर रेकॉर्डिंग थांबवावं लागतं, आणि नेमकं कुणाचं तरी गाणं त्यात अडकतं. म्हणून सेल आत ठेवून बाहेरून यूएसबीने वीज द्यायची, असं ठरवलं. भिंतीतल्या पॉइंटवरून घेतलेली वीज मला नको होती, कारण चार्जर लावला की माझ्या रेकॉर्डिंगमध्ये बारीक गुणगुण येत होती. तानपुऱ्याच्या जोडीला ती फार खुपते. तेव्हा सीताबर्डीच्या एका दुकानातून मोठी, २०,००० एमएएचची पॉवर बँक आणली.

घरी तालीम म्हणून लावली. अर्ध्या मिनिटात पॉवर बँकेचा दिवा गेला. बटण दाबलं, दिवा आला, पुन्हा गेला. केबल बदलली, तेच. फोन लावला तर मस्त चार्ज होतो.

दुकानदार म्हणाला, “ताई, सर्व्हिस सेंटरला जा, आम्ही बदलून देत नाही.” सेवा केंद्रात आधी टोकन, मग फॉर्म. फॉर्मवर दोषांचे पर्याय छापलेले: चार्ज होत नाही, चार्ज करत नाही, गरम होते, फुगली, पोर्ट सैल. ‘आपोआप बंद होते’ हा पर्यायच नाही. मी खाली मोकळ्या जागेत लिहिलं. काउंटरवरच्या मुलाने ते न वाचता स्वतःचा फोन लावला आणि म्हणाला, “मोबाईल चार्ज होऊन राहिला ना मॅडम? मग खराब काय आहे?”

मी रेकॉर्डर पिशवीतून काढला आणि म्हटलं, हा लावून फक्त एक मिनिट थांबा. तर, बाहेरचं उपकरण तपासणीला लावता येत नाही, असा नियम! अहो, पॉवर बँक बाहेरच्या उपकरणासाठीच असते ना? त्याने ती ठेवून घेतली. काही दिवसांनी मेसेज आला: ‘तपासणीत दोष आढळला नाही. तक्रार बंद.’ परत गेले, नवी तक्रार, नवं टोकन, तोच फॉर्म, तोच फोन लावून बघणं. पुन्हा तोच मेसेज. इकडे गुरुपौर्णिमा जवळ येत होती आणि बाई दर शिकवणीला विचारत होत्या, “अगं, मधेच बंद नाही ना पडणार ते?” त्यांचं वय बघता, पुढच्या वर्षी करू असं म्हणायची माझी तयारी नव्हती.

शेवटी मीच कारण शोधलं, आणि ते शोधलं याचा मला आनंद आहे. हिशेब सोपा आहे. माझे दोन रिचार्जेबल सेल २,००० एमएएचचे, प्रत्येकी १.२ व्होल्टचे. दोघांत मिळून ४.८ वॉट-तास. त्यावर रेकॉर्डर पंधरा तासांच्या आसपास चालतो, म्हणजे तो जेमतेम एक तृतीयांश वॉट खातो. पाच व्होल्टच्या यूएसबीवर हे साठ-पासष्ट मिलीअँपिअर झाले. फोन हजार किंवा त्याहून जास्त ओढतो. अनेक पॉवर बँका अशा बनवलेल्या असतात की करंट पन्नास-शंभर मिलीअँपिअरच्या खाली गेला की ‘फोन भरला’ असं समजून स्वतःला बंद करतात. रेकॉर्डर इतकं कमी खातो की पॉवर बँकेला तो जोडलेला आहे हेच कळत नाही.

मग यूएसबी मीटर विकत घेतला. पॉवर बँक आणि केबलच्या मधे लावायचा हा छोटा डबा किती करंट जातोय ते आकड्यात दाखवतो. तो घेऊन सेवा केंद्रात गेले आणि या वेळी काउंटरवर न थांबता आतल्या तंत्रज्ञाला बोलवा म्हणून अडून बसले. तो आला, त्याने मीटरवर ०.०६ अँपिअर बघितलं, दिवा जाताना बघितला आणि शांतपणे म्हणाला, “मॅडम, हा दोष नाही, याची रचनाच अशी आहे.” हेच वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझ्या सगळ्या खेपा वाचल्या असत्या! पैसे परत मिळाले नाहीत. पण त्याने तेवढं कागदावर लिहून दिलं, आणि तो कागद दाखवल्यावर दुकानदाराने वरचे पैसे घेऊन दुसरं मॉडेल दिलं. त्यात कमी करंटचा वेगळा मोड आहे, कानातले इअरबड आणि घड्याळं चार्ज करण्यासाठी दिलेला. बटण दोनदा दाबलं की सुरू होतो.

तेव्हा पॉवर बँक घेताना एमएएचचा आकडा नंतर बघा, हा मोड आहे का ते आधी विचारा, आणि रेकॉर्डर दुकानातच लावून पाच मिनिटं थांबा. दुकानदार कंटाळला तरी थांबा. काही पॉवर बँकांत हा मोड दोन तासांनी आपोआप संपतो, तेव्हा मध्यंतरात पुन्हा बटण दाबायचं. गुरुपौर्णिमेला मी तेच केलं. सकाळच्या पहिल्या तोडीपासून रात्री बाईंच्या भैरवीपर्यंत रेकॉर्डिंगला खंड पडला नाही.

हो, एक महत्त्वाचं वर राहिलं. इलेक्ट्रेट माइक तबल्याच्या फार जवळ ठेवला की डग्ग्याचा आवाज फाटतो, आणि रेकॉर्डरची लेव्हल कितीही कमी केली तरी फाटतोच. कारण तो माइकच्या आतच फाटलेला असतो. दोन-तीन व्होल्ट त्याला कमी पडतात. त्यासाठी नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा बॅटरी बॉक्स मिळतो, तो माइक आणि रेकॉर्डरच्या मधे लावायचा आणि रेकॉर्डरची प्लग-इन पॉवर बंद करायची. खुल्या मैदानावर ढोल किंवा मोठे स्पीकर असतील तर हा बॉक्स घ्याच. घरच्या बैठकीत माइक सहा-सात फुटांवर ठेवला तर गरज पडत नाही.

मोबाईलसाठी बनवलेला कॉलर माइक रेकॉर्डरला लावू नका. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रिंगा असतात; रेकॉर्डरला दोन रिंगांची पिन लागते. रिचार्जेबल सेल टाकले असतील तर रेकॉर्डरच्या मेनूत सेलचा प्रकार बदलून ‘एनआय-एमएच’ करा, नाहीतर बॅटरीचं चिन्ह चुकीचं दिसतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर स्टिरिओ फाइल तासाला साधारण एक जीबी होते, त्या हिशेबाने कार्ड घ्या. लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, कारण शून्याच्या वर आवाज फाटतो. तिहाईला तबला उसळतो तेव्हा ही मोकळीक कामी येते.

पुढे फँटमवाले माइक घ्यायचे असतील, रोड एम५ची जोडी वगैरे, तर रेकॉर्डर झूम एच५, एच४एन प्रो, टास्कॅम डीआर-४०एक्स किंवा झूम एफ३ अशांपैकी लागेल. फँटम सुरू केलं की सेल झपाट्याने उतरतात. पण करंट जास्त ओढला जात असल्याने साधी पॉवर बँकही बहुतेक वेळा चालू राहते. एच४एन प्रोमध्ये ४८ ऐवजी २४ व्होल्टचा पर्याय आहे, त्याने सेल जास्त टिकतात. आपला माइक २४वर चालतो का, ते त्याच्या माहितीपत्रकात बघून मगच निवडा.

वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या जागी गाणं स्पीकरमधून येतं, तिथे मिक्सरवरून लाइन, म्हणजे स्पीकरला जाणारा आवाज थेट रेकॉर्डरमध्ये, मागायचा मोह होतो. पण छोट्या सभागृहात मिक्सरमध्ये गळा भरपूर आणि तबला नावापुरता असतो, म्हणून तिथे तरी स्वतःचे माइक लावा. आणि रेकॉर्डिंगची परवानगी गायकाकडून घेतली तरी तबलजी आणि पेटीवाल्यांनाही वेगळं विचारा, तेही कार्यक्रमाआधी, चहाच्या वेळी.