शून्याची नोंद

ओढ्याच्या वरच्या मापन ठाण्यावर पहाटे अर्ध्या तासात पाण्याची पातळी शून्यावरून १.८ मीटरवर गेली. ९ किलोमीटर खालच्या ठाण्यावर दुपारपर्यंत शून्यच. साहेबांनी ग्राफ पाहिला न पाहिला आणि म्हणाले, "खालचा सेन्सर गेलाय. वरच्यावरून अंदाजे भरून टाका."

मला ते पटेना. बारमाही नदी खाली जाताना वाढते, पावसाळी ओढा खाली जाताना आटू शकतो. अशा ओढ्यात भूजल पात्राच्या तळाच्या खूप खाली असतं, त्यामुळे पाणी वाटेतच वाळूत मुरतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या वॉलनट गल्च या पावसाळी ओढ्याच्या सुमारे १५० चौरस किलोमीटर पाणलोटात १९५० च्या दशकापासून हेच मोजलं जातंय. आमच्याकडे मात्र शून्य दिसलं की दोष यंत्राचा.

खालच्या ठाण्यावर सेन्सरशेजारी एक साधी नळी उभी आहे. आत लाकडी पट्टी, तळाशी कॉर्कचा भुगा. पाणी चढलं की भुगा तरंगत वर जातो आणि पाणी उतरताना सर्वांत वरच्या पातळीला पट्टीवर चिकटून राहतो. बॅटरी नको, काही नको. मी टोपण काढून पट्टी ओढली. ठणठणीत कोरडी. भुगा तळाशी, मी गेल्या खेपेला टाकला होता तसाच.

मग पात्रातून वर चालत निघालो. दोन-अडीच किलोमीटरवर लोंढ्याचं टोक सापडलं. काड्या, बिया, फेसाचे वाळलेले पापुद्रे अर्धगोलात येऊन थांबलेले. मागे गाळाची ओली साय, आणि पुढे वीतभर अंतरावर कोरड्या वाळूत सरड्याच्या पावलांची न मोडलेली रेघ. मागच्या बाजूला फावडं घातलं, तर हात कोपरापर्यंत आत गेला तरी वाळू ओलीच. वरून आलेलं सगळं पाणी असं जमिनीत गेलं होतं. विहिरींना पुढे तेच मिळतं, आणि आम्ही ते वाहून गेलं म्हणून लिहिणार होतो.

फोटो पाहून साहेबांनी शून्य ठेवलं, पण शेऱ्यात 'संशयास्पद' लिहिलंच. पाचव्या दिवशी जवळपास तेवढाच लोंढा आला. या वेळी तो खालच्या ठाण्यापर्यंत पोचला, १.१ मीटर. वाळू आधीच भिजलेली होती.

तेव्हापासून मी जुन्या नोंदवह्या काढून बसतोय. कोरड्या वर्षांच्या कितीतरी ओळींपुढे 'अंदाजित' असा शेरा आहे. त्या दिवशी कुणी जाऊन पट्टी काढून पाहिली होती का, ते कुठेच लिहिलेलं नाही.