उठून जाता येईल अशी जागा

रविवार, रात्री

आज चर्चमध्ये आराधना संपल्यावर चहाच्या वेळी तरुण संघाच्या पोरांनी मला घेरलं. सुट्टीत सुवार्तेसाठी, म्हणजे येशूचा संदेश सांगायला, बाहेर पडायचं त्यांचं ठरलंय. इथलाच, इंदुरातला सरवटे बस स्टँड, रेल्वे स्टेशन, राजवाड्यासमोरचा बगीचा आणि एमवाय हे मोठं सरकारी हॉस्पिटल. पत्रिका छापूनही आल्या आहेत, हिंदीत, गुळगुळीत कागदावर. "आंटी, तुम्ही एवढी वर्षं सिस्टर होता, वॉर्डात कुठल्या वेळेला गेलेलं बरं?"

मी म्हटलं, स्टँडवर जा, बगीच्यात जा, हॉस्पिटलचं नाव काढू नका. तोंडं पडली सगळ्यांची. एकाने विचारलंच, "भीती वाटते का?"

भीती वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. आपल्या मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे आणि २०२१ चा नवा त्याहून कडक. जबरदस्ती, फसवणूक, प्रलोभन दाखवून धर्मांतर केलं तर एक ते पाच वर्षं कैद. समोर बाई, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीचं माणूस असेल तर दोन ते दहा. धर्मांतर करवणाऱ्याने साठ दिवस आधी कलेक्टरला कळवायचं. जुन्या कायद्याविरुद्ध रायपूरचे फादर स्टॅनिस्लाउस सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते. १९७७ मध्ये निकाल लागला तो असा की, आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगायचा हक्क घटनेने दिलाय, दुसऱ्याला आपल्या धर्मात आणायचा नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हा निकाल अजून बोचतो. मलाही त्यातलं सगळं पटतं असं नाही. माणूस आपणहून आला तर सरकारदरबारी आधी वर्दी का द्यावी, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. पण समजावून सांगणं आणि ओढून आणणं यातला फरक मला कोर्टाच्या आधी वॉर्डाने शिकवला.

मिशन हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा सकाळच्या राउंडआधी प्रार्थना आणि मग खाटांवरून पत्रिका, असा शिरस्ता होता. सगळे घ्यायचे. एका हाताला सलाइन, दुसऱ्या हाताने घेऊन कपाळाला लावायचे. एकदा खरगोनकडचा एक माणूस ओपीडीची चिठ्ठी आणि आमची पत्रिका एकत्र घडी घालून माझ्याकडे आला. "सिस्टर, ये वाली कौन से काउंटर पर दिखानी है?" बायको आत होती, ऑपरेशनला. त्याच्या दृष्टीने हॉस्पिटलने दिलेला प्रत्येक कागद उपचाराचाच होता, आणि मी नको म्हटलं तर सिस्टर रागावेल, मग बायकोचं काय, हा हिशोब त्याच्या डोळ्यांत मला सरळ दिसला. त्याला शुभवर्तमान ऐकायचं नव्हतं असं मी म्हणत नाही. ऐकायचं होतं की नव्हतं हे कळायला काही मार्गच नव्हता. त्याला तिथून उठून जाता येत नव्हतं.

मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला जुन्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नियोगी समिती नेमली होती, तिचा अहवाल १९५६ चा. आमच्या मंडळीत त्या अहवालाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यातल्या पुष्कळ गोष्टींवर पडाव्यातच. शाळा-दवाखान्यांच्या आडून धर्मांतर होतं ही तक्रार मात्र मला झटकून टाकता येत नाही. इंदुरात तर आपला इतिहासच त्या वाटेने गेला. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इथे आले १८७७ मध्ये. भर बाजारात उभं राहून उपदेश करायचे, तर होळकर दरबाराने हरकत घेतली. पुढे १८८० च्या दशकात डॉ. एलिझाबेथ बीटी, डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या, बायकांवर उपचार सुरू झाले आणि बंद दारं उघडली. १८८७ मध्ये कॉलेजही निघालं, तेच आपलं ख्रिश्चन कॉलेज. त्या दोघींबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मी त्यांच्याच वंशातली. तरी वाटतं, बाजारातला उपदेश जास्त सचोटीचा होता. तिथे लोक वाद घालायचे, हसायचे, कंटाळले की भाजी घ्यायला निघून जायचे.

माझं माहेर नगरचं (आता अहिल्यानगर म्हणायचं). तिथे ख्रिस्ती कीर्तन म्हणजे घरचीच गोष्ट, आजी कवी ना. वा. टिळकांची भजनं भाकरी थापताना म्हणायची. कीर्तनाचं मला आवडतं ते हेच, पटलं नाही तर चपला शोधून चालू लागावं, बुवांना राग आला तर आला. खुद्द टिळकांचं काय झालं? १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा साहेब भेटला. गप्पा झाल्या, कवितेवर, धर्मावर. त्याने बायबलातला नवा करार हातात दिला, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं, आणि गेला आपल्या वाटेने. पुढे टिळक त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. मधल्या काळात त्यांची ओढाताण झाली, पण ती त्यांची त्यांच्याशी. तो साहेब पत्ता मागून घेऊन पाठपुरावा करत बसला नव्हता. आमची पोरं मात्र मोबाइल नंबर लिहून घ्यायची वही बरोबर नेणार आहेत.

मी स्वतः बोलत नाही असं नाही. नेहरू पार्कात सकाळी फिरायला जाते, तिथे रामबागेतल्या एक बाई बाकावर भेटतात. मी मराठी बोलते आणि चर्चला जाते, हे दोन्ही एकत्र कसं, याचंच त्यांना आधी नवल. त्यांचे यजमान गेले त्याला फार दिवस झाले नाहीत. परवा त्यांनी एकदम विचारलं, "तुमच्यात कावळ्याचं काही असतं का हो?" पिंडाला कावळा शिवेना म्हणे. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले, मुलगा हात जोडून 'नातीचं लग्न थाटात करू' म्हणाला तरी नाही, शेवटी दर्भाचा केला. तेव्हापासून मनात रुतून बसलंय, त्यांचं काय राहिलं असेल?

मी म्हटलं, आमच्यात मातीवर फुलं वाहतो, प्रार्थना करतो. गेलेल्या माणसाची इच्छा पुरी करणं आमच्या हातात नसतं. मग वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट सांगितली. शेवटच्या घटकेला त्याने नुसतं "माझी आठवण ठेव" म्हटलं, आणि येशू म्हणाला, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." मी पुढे काही बोलणार तोच बाई उठल्या. "चला, नातीच्या स्कूल बसची वेळ झाली." गेल्या. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचा चोर सुटला. आमचे तर शाळामास्तर होते, कुणाची पै घेतली नाही. त्यांचं काय?"

हा प्रश्न पत्रिकेत बसत नाही. पोरांच्या पत्रिकेत त्याचं उत्तर दोन ओळींत छापलंय आणि ते मला त्या बाईंच्या तोंडावर वाचून दाखवता आलं नसतं. मी म्हटलं, मास्तरांचा न्याय करायला मला बसवलेलं नाही. ज्याला बसवलंय तो दयाळू आहे एवढं मी त्याच्याकडूनच ऐकलंय. त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही. म्हणाल्या, "बघू." मग आम्ही कोपऱ्यावर पोहे खाल्ले, जीरावन मसाला जास्त घालून, आणि त्यांनी सुनेची तक्रार सुरू केली.

तरुण संघातला तो भीतीवाला मुलगा हुशार आहे. म्हणाला, "आंटी, पण प्रभूने 'जा, शिष्य करा' म्हटलंय ना? मत्तय २८." म्हटलंय. पण त्याच मत्तयात दहाव्या अध्यायात, कोणी ऐकलं नाही तर पायाची धूळ झटकून निघा, असंही सांगितलंय. म्हणजे लोक नको म्हणतील हे त्याने धरलेलंच होतं. सगळं विकून माझ्यामागे ये म्हटल्यावर तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही. मुलगा गप्प बसला, पण मोबाइलवर अध्याय उघडून मी बरोबर सांगितलं की नाही ते बघत होता. बघू दे.

शेवटी पास्टरसाहेबांनी मधला मार्ग काढला. एमवायच्या फाटकाबाहेर उन्हात पाणी वाटायचं, सोबत पत्रिका द्यायची. मी तिथेच म्हटलं, पाणी द्या, पत्रिका घरी ठेवा. तहानलेल्याला दोन्ही एका हाताने दिलं की ते प्रलोभन होतं की नाही हे वकील ठरवतील, पण नातेवाइकाला आत ठेवून उन्हात उभा असलेला माणूस ग्लास परत करू शकत नाही. कोणी विचारलं की कोण तुम्ही, तर चर्चचं नाव सांगा, लपवू नका. त्याला पुढचं विचारायचं असेल तर विचारेल. पास्टरसाहेबांनी मान डोलावली, पण ती त्यांची सगळ्यांसाठीच डोलते.

मंगळवारी मीटिंग आहे. माठ माझ्याकडे दोन आहेत, एक गळतो. स्टँडवर मुलं गाणार असतील तर पेटी घेऊन मीही जाईन, परवानगीचा अर्ज मात्र आधी द्या म्हणून सांगायचंय. आणि ती नंबरांची वही कोणाकडे आहे ते विचारायचंय.